नळी पुन्हा घालावी लागली, आता गळ्याला भोक पाडू द्यायचं का?

पत्राचा गोषवारा, नाव-गाव वगळून: यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरची ही लेक. दिली आहे शेजारच्या तालुक्यात, पण वडील आजारी पडल्यापासून दवाखान्यातच आहे. वडील ५४ वर्षांचे. पऱ्हाटीवर फवारणी करून घरी आले आणि रात्री उलट्या, दरदरून घाम, तोंडाला फेस. ग्रामीण रुग्णालयातून जिल्ह्याच्या गावी, खासगी दवाखान्याच्या आयसीयूत नेलं. दोन दिवसांनी बरे वाटले, बोलले, चहा मागितला. तिसऱ्या दिवशी श्वास पुरेना, व्हेंटिलेटर लावला. नवव्या दिवशी सकाळी तोंडातून घातलेली श्वासाची नळी काढली, रात्री पुन्हा घालावी लागली. आज चौदावा दिवस. डॉक्टर आता गळ्याला छिद्र पाडून नळी टाकू म्हणतात आणि सही मागतात. मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणतात, "मशीनची सवय लागली त्याले, आता घरी घेऊन चला." धाकट्या भावाला नागपूरला न्यायचं आहे. आई काहीच बोलत नाही. वावर गहाण पडलं आहे. "मॅडम, सही करू का? डॉक्टरांनी नळी काढायची घाई केली का? का मशीन लावू दिली तिथेच आमचं चुकलं?"

ताई,

तुमचं पत्र सदराची वाट पाहण्यातलं नव्हतं, म्हणून सहीबद्दलचं माझं मत फोनवर आधीच सांगितलं. पण फोनवर तुम्ही रडत होतात, अर्धं कानावरून गेलं असेल. शिवाय पोळा ते दिवाळी या दिवसांत आपल्याकडच्या आयसीयूंच्या व्हरांड्यात अशी कितीतरी घरं सतरंजी टाकून बसलेली असतात. त्यांच्यासाठीही हे सविस्तर लिहिते.

आधी तुमचा शेवटचा प्रश्न. मशीन लावू दिली यात काहीही चुकलं नाही. पऱ्हाटीवर मारतात त्यातली बरीच औषधं ऑरगॅनोफॉस्फेट जातीची असतात. मज्जातंतूकडून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप गेला, काम झालं, की तो निरोप पुसून टाकणारं एक एन्झाइम आपल्या अंगात असतं. हे विष त्यालाच निकामी करतं. मग लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. हा पहिला टप्पा. त्यावर ॲट्रोपिन हे औषध चालतं, आणि तुमचे बाबा चहा मागण्याइतके सावरले ते त्यामुळेच. पण बऱ्याच जणांत विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांच्या दरम्यान दुसरा टप्पा येतो. मान, खांदे, मांड्या आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ मध्ये याचं वर्णन केलं आणि त्याला 'इंटरमीजिएट सिंड्रोम' हे नाव दिलं. या लुळेपणावर ॲट्रोपिनचा उपाय चालत नाही. स्नायू आपल्या गतीने परत येईपर्यंत कुणीतरी श्वास पुरवत राहणं, एवढाच उपचार. ते काम मशीन करतं आहे. बहुतेकांना ५ ते १८ दिवस लागतात, काहींना त्याहून जास्त. बरे वाटणारे बाबा अचानक ढासळले म्हणून तुम्ही सगळे दचकलात, पण हे दवाखान्यात आल्यावर काही बिघडलं म्हणून झालेलं नाही. या विषाची चालच तशी आहे.

आता मोठ्या बाबांची "सवय". त्यांना उडवून लावू नका, त्यांच्या बोलण्यात अर्धं खरं आहे. प्लास्टरमधला हात महिन्याभराने बाहेर काढला की जसा बारीक झालेला असतो, तसं छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या पडद्याचंही होतं, आणि ते महिन्यात नाही, काही दिवसांतच व्हायला लागतं. त्यात झोपेची औषधं अंगात साचतात, पडून पडून मांड्या वाळतात. म्हणजे मशीनवरचा प्रत्येक जास्तीचा दिवस महागात पडतो, पैशानेही आणि ताकदीनेही. पण यातून त्यांनी जो अर्थ काढला तो उलटा आहे. सवय लागते म्हणून मशीन ओढून काढायची नसते. आज निघते का, हे रोज तपासायचं असतं.

ही तपासणी कशी होते हे नातेवाइकांना सहसा कुणी नीट सांगत नाही आणि निम्मे गैरसमज तिथूनच निघतात. लोकांना वाटतं, डॉक्टर एक दिवस ठरवतात आणि मशीन बंद करतात. तसं नसतं. सकाळी झोपेचं औषध थांबवून रुग्णाला जागं करतात. हाक मारली तर डोळे उघडतो का, सांगितलं तर हात दाबतो का. ऑक्सिजन किती टक्के द्यावा लागतो. चाळीस-पन्नास टक्क्यांच्या आत भागत असेल तर बरं. रक्तदाब टिकवायला जोरदार औषधं चालू आहेत का. हे जमत असेल तर श्वासाची परीक्षा. मशीनचा आधार अगदी कमी करतात, किंवा नळीला टी-पीस, म्हणजे इंग्रजी टी अक्षरासारखा जोड, लावून नुसता ऑक्सिजन देतात, आणि ३० मिनिटं ते २ तास रुग्णाला स्वतःच्या जोरावर श्वास घेऊ देतात. नर्स शेजारी उभी असते. श्वास मिनिटाला ३५ च्या वर गेला, ऑक्सिजन ९० च्या खाली आला, नाडी पळायला लागली, कपाळावर घाम फुटला, छाती वर जाताना पोट आत जाऊ लागलं, की परीक्षा थांबवून पुन्हा पूर्ण आधार द्यायचा. मग उद्यापर्यंत विश्रांती.

पूर्ण एक दिवस विश्रांती, हे भावाला मुद्दाम सांगा. "अजून थोडा वेळ राहू द्या ना, जमंल त्याले," अशी गळ घालणारे नातेवाईक मी पुष्कळ पाहिलेत. थकलेल्या स्नायूला आणखी पिळलं तर तो आणखी मागे जातो. दिवसातून एकदा नीट परीक्षा घेणं पुरतं. १९९५ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या तेव्हा आधार हळूहळू कमी करत बसण्यापेक्षा रोज एकदा अशी परीक्षा घेतल्याने माणसं लवकर सुटली.

म्हणून "मशीन कधी काढणार?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारून उपयोग नाही, त्याचं खरं उत्तर त्यांच्याकडेही नसतं. "आज परीक्षा घेतली का? कशात अडलं?" असं विचारा. फुप्फुसात अडलं, स्नायूत अडलं, शुद्धीत अडलं, का कफात? प्रत्येकाचा उपाय निराळा. आणि तीन दिवस लागोपाठ "आज घेतली नाही" असंच उत्तर आलं, तर का नाही, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

नवव्या दिवशी काय झालं ते आता बघू. श्वासाची परीक्षा पास होणं आणि नळी निघाल्यावर टिकणं यात फरक आहे. नळी असते तोवर घसा आपोआप उघडा राहतो आणि कफ सक्शनने, म्हणजे बारीक नळीने ओढून, निघतो. नळी निघाली की लाळ गिळणं, खोकणं, घसा उघडा ठेवणं हे सगळं रुग्णाच्या गळ्यात पडतं. विषबाधेत लाळ मुबलक आणि मान लुळी. सकाळी बरं दिसणारा माणूस रात्री दमतो तो इथे. अशा रुग्णांना मी मशीनवरचे आकडे बघायच्या आधी एकच गोष्ट करायला सांगत असे: उशीवरून डोकं उचला, हनुवटी छातीकडे आणा, मी पाचपर्यंत मोजते. ज्याला डोकं उचलून धरता येत नाही त्याची नळी काढायला माझा हात धजत नसे. तुमच्या डॉक्टरांनी हे पाहिलं होतं का, मला ठाऊक नाही, आणि पत्रावरून त्यांचा न्याय करणं बरोबर होणार नाही. एवढं मात्र नक्की की सगळं पाहून-सवरून नळी काढलेल्या दहा जणांपैकी एखाद्या-दोघांना ती पुन्हा घालावी लागतेच, चांगल्या दवाखान्यांतही. ज्या आयसीयूत कुणाचीच नळी कधी परत घालावी लागत नाही, तिथे माणसं गरजेपेक्षा जास्त दिवस मशीनवर राहतात, असं मी तरी धरून चालते. "काढली कशाला मग?" हा भावाचा राग समजतो. पण काढूनच पाहिली नसती तरी तो रागावलाच असता.

आता सहीचं. गळ्याला भोक म्हटलं की आपल्याकडे लोक हबकतात, कारण त्यांनी ते कर्करोगाच्या रुग्णाच्या गळ्यावर कायमचं पाहिलेलं असतं. हे भोक, म्हणजे ट्रॅकिओस्टॉमी, प्रत्येक वेळी कायमचं नसतं. गरज संपली की नळी काढतात, वर ड्रेसिंग लावतात आणि ते छिद्र बहुधा काही दिवसांत आपोआप बुजतं. गळ्यावर व्रण राहतो. तोंडातली नळी टोचते, म्हणून झोपेची औषधं लागतात, म्हणूनच बाबांचे हात बांधून ठेवलेत. गळ्यातली नळी त्यामानाने सुसह्य असते. तोंड स्वच्छ करता येतं, कफ काढणं सोपं जातं, रुग्णाला खुर्चीत बसवता येतं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे दिवसा चार तास मशीन काढली, रात्री थकले, तर नुसता पाइप जोडायचा. नळी काढणं-घालणं हा जीवघेणा खेळ पुन्हा करावा लागत नाही. मोठ्या बाबांना वाटतं की हे भोक म्हणजे मशीनच्या आणखी आत जाणं. तुमच्या बाबांच्या बाबतीत तो बाहेर यायचा रस्ता आहे.

या उपायाचा इतिहासही मशीनपेक्षा जुना. १९५२ मध्ये डेन्मार्कच्या कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं भराभर दगावत होती. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र पाडून नळी घातली आणि वैद्यकीयचे विद्यार्थी पाळ्या लावून रात्रंदिवस हाताने फुगा दाबत बसले. जगातले आयसीयू त्यातून पुढे उभे राहिले. मी भूलतज्ज्ञ, त्यामुळे ही गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही, पण ती इथे लागू आहे: त्या मुलांची फुप्फुसं नव्हे, स्नायू आजारी होते. तुमच्या बाबांचंही मूळ दुखणं तेच.

धोके नाहीत असं नाही. रक्तस्राव होऊ शकतो, जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि नळीत कफ घट्ट होऊन ती तुंबली व कुणाच्या लक्षात आलं नाही तर जीव जातो. म्हणून सही करण्याआधी विचारा: नंतर रात्रपाळीला सक्शन येणारी नर्स असते का? हे मला छिद्र कोण पाडणार यापेक्षाही महत्त्वाचं वाटतं. थांबण्यात अर्थ आहे का? मान उचलायला लागले असते, खोकल्यात जोर आला असता, तर मी म्हटलं असतं दोन दिवस थांबा, कदाचित लागणारच नाही. ब्रिटनमध्ये २०१३ साली छापून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात लवकर छिद्र पाडलेल्या आणि दहा दिवस थांबलेल्या रुग्णांत मृत्यूंचा फरक दिसला नाही, आणि थांबलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना ते लागलंच नाही. म्हणजे डॉक्टर आजवर थांबले ते बरोबरच केलं. पण तुम्ही म्हणालात की मान अजून हलत नाही आणि सक्शन करताना खोकला अगदी बारीक येतो. एकदा नळी परत घालून झाली आहे. अशात माझं मत: सही करा.

नागपूरला न्यायचं का? भावाला वाटतं मोठं गाव, मोठा इलाज. या आजारात मोठ्या यंत्रापेक्षा चांगली नर्स, रोज येणारा फिजिओथेरपिस्ट आणि रक्तातल्या वायूंची तपासणी एवढं लागतं. ते आहे तिथे मिळत असेल तर रस्त्याचा धोका का घ्यायचा? नसेल, किंवा पैसे संपत आले असतील, तर हलवणं योग्यच, आणि पैसे संपले हे कारण सांगायला लाजू नका. यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सेवाग्राम, नागपूरचं मेडिकल ही नावं तुम्हाला माहीतच आहेत. फवारणीच्या विषबाधेचा त्यांना चांगलाच अनुभव आहे. २०१७ च्या त्या हंगामात यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, ते आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. मात्र तिकडे व्हेंटिलेटरची खाट रिकामी आहे हे दोन्हीकडच्या डॉक्टरांचं बोलणं होऊन पक्कं झाल्याशिवाय निघू नका. १०८ ला फोन कराल तेव्हा व्हेंटिलेटर असलेलीच गाडी हवी हे स्पष्ट सांगा. आणि शक्य असेल तर ट्रॅकिओस्टॉमी झाल्यावर न्या. खड्ड्यांच्या रस्त्यावर तोंडातली नळी सरकण्याची धास्ती जास्त.

वावर आणखी गहाण टाकण्याआधी एक काम आजच करा. दवाखाना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारा. असेल तर तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन जा आणि विषबाधा व व्हेंटिलेटरचं कोणतं पॅकेज लागू होतं ते त्यालाच विचारा. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. फोन १५५३८८. दवाखाना योजनेत नसेल, तर हलवण्याच्या बाजूने तेच सगळ्यात सबळ कारण.

राहिलं मोठ्या बाबांचं "घरी घेऊन चला". ते निर्दयपणाने म्हणत नाहीत, त्यांनी मशीनवरून कुणी वापस आलेलं पाहिलं नसेल. पण डॉक्टर श्वास तपासून मशीन काढतात ते वेगळं आणि लुळ्या स्नायूंच्या माणसाची मशीन काढून गाडीत घालायचं ते वेगळं. दुसऱ्यात माणूस वाटेतच गुदमरतो. स्नायू परत यायच्या बेतात असताना हे करणं मला मान्य नाही. दुसऱ्या कुणा वाचकाच्या घरी चित्र निराळं असू शकतं: बरा न होणारा आजार, शेवटचे दिवस, आणि मशीन नुसता त्रास लांबवते आहे. तिथे मशीन थांबवण्याबद्दल बोलणं पाप नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मार्ग दिला आणि २०२३ मध्ये तो सोपा केला. डॉक्टरांच्या मंडळांची संमती लागते, आणि वेदना व धाप कमी करणारं औषध चालू ठेवून ते दवाखान्यात होतं. डिस्चार्जच्या कागदावर "स्वतःच्या जबाबदारीवर" लिहून नव्हे.

आयसीयूत भेटायला सोडतात त्या दहा मिनिटांत रडू नका असं मी म्हणणार नाही. पण त्यांना आज कोणता वार आहे, सकाळ आहे का संध्याकाळ, ते सांगा. चष्मा असेल तर घाला. बोलता येत नाही म्हणून ते चिडतात. पाटी-पेन्सिल न्या, किंवा "दुखतं", "तहान", "कूस बदला" असं मोठ्या अक्षरांत लिहून बोट ठेवायला सांगा. फिजिओथेरपिस्टकडून हातापायांच्या हालचाली शिकून घ्या. डॉक्टरांशी रोज घरातल्या एकानेच, ठरलेल्या वेळी बोला; तीन जणांनी तीनदा विचारलं की तीन उत्तरं ऐकू येतात आणि भांडण घरी येतं. आणि तीर्थ, गंगाजल, चमचाभर चहा, काहीही तोंडात घालू नका. अंगारा कपाळाला लावा, जिभेवर नको. गिळता न येणाऱ्या माणसाच्या फुप्फुसात ते जातं आणि न्यूमोनिया होतो. आईंना हे तुम्ही स्वतः समजावा, नर्सच्या तोंडून ऐकलं तर त्यांना अपमान वाटेल.

गावात लोक "फवारताना गेलं का घेतलं?" असं विचारतात, असं तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलंत. त्याला उत्तर द्यायला तुम्ही बांधील नाही. मशीनच्या उपचारात त्याने फरक पडत नाही. बाबा बोलायला लागले, दवाखान्याची धावपळ ओसरली, की एकट्यात, आरोप न करता, मन कसं आहे एवढं विचारा. जड काही निघालं तर टेलिमानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं.

नळी निघाल्यावरचं थोडं. आवाज काही दिवस घोगरा राहील, जिना चढताना पाय कापतील, रात्री दचकून उठतील. याला आठवडे लागतात, कधी महिने. पण विषबाधेपासून एक ते तीन आठवड्यांत पायांना मुंग्या, बधिरपणा किंवा पाऊल उचलताना चप्पल निसटणं असं काही दिसलं तर ताबडतोब दाखवा. या गटातली काही औषधं मज्जातंतूंना उशिरा त्रास देतात. बाबांनी या हंगामात पंप हातात धरायचा नाही. ते एन्झाइम पूर्ववत व्हायला आठवडे-महिने जातात आणि तोवर थोडंसं औषधही त्यांना जास्त लागेल. त्या दिवशीचे कपडे अजून घरात असतील तर आईंनी हाताने धुवायचे नाहीत, ते टाकून द्या.

आणि तुमचा भाऊ. तो सकाळी फवारणी आटपून त्याच कपड्यांत दवाखान्यात येतो, असं तुम्ही सहज लिहून गेलात. त्याला आजच सांगा: वारा येतो त्या बाजूला पाठ करून मारायचं, भर उन्हात नाही; हातमोजे, तोंडाला मास्क, अंगभर कपडे; पंपाचं नोझल तोंडाने फुंकायचं नाही; फवारणी झाली की साबणाने अंघोळ आणि कपडे वेगळे. यातलं काहीच जमणार नसेल तर राहिलेली फवारणी यंदा सोडून द्यावी. बोंडं थोडी कमी आली तरी चालतील, दुसरी खाट नको.